दारावरचा माणूस

पारोळा, एरंडोल आणि धरणगाव या पट्ट्यात कुठल्या गावात कुणी गेलं, की ते सोयऱ्यांना, न्हाव्याला आणि चुडामण नानांना जवळपास एकाच वेळी कळायचं. नाना त्या घराचे ना सोयरे ना भाऊबंद. ते कपाशीच्या बियाण्याच्या एका कंपनीचे फिरते विक्रेते. राहायला धुळ्यात देवपूरला, पण संसार म्हणाल तर मोटारसायकलवर. डिकीत बियाण्याची माहितीपत्रकं, पाण्याची बाटली आणि घडी करून ठेवलेली पांढरी टोपी. ही टोपी एरवी त्यांच्या डोक्यावर कुणी पाहिली नाही. ती फक्त दारावर जाण्यासाठी.

खान्देशात माणूस गेलं की गंधमुक्तीला सुतक फिटेपर्यंत घरापुढे ताडपत्री अंथरलेली असते. घरचे पुरुष टोप्या-उपरण्यांत बसलेले असतात आणि ज्याचा त्या घराशी काही संबंध असेल त्याने येऊन थोडा वेळ बसून जायचं. याला दारावर जाणं म्हणतात. आल्यावर रामराम घालायचा नाही, निघताना येतो म्हणायचं नाही. मधल्या वेळात बोलायचं काय, हा मात्र भल्याभल्यांना घाम फोडणारा प्रश्न. बहुतेक जण खाली मान घालून ताडपत्रीचे दोरे उपसत बसतात, "वय काय होतं?" असं विचारतात, आणि एवढ्यावर कर्तव्य झालं असं मानून उठतात.

नानांना बोलता यायचं. तेही फार नाही. गेलेल्या माणसाची एखादी बारीकशी गोष्ट ते सांगायचे, घरच्यांनाही माहीत नसलेली. एरंडोलकडच्या एका गावात म्हातारी गेली होती आणि तिचा मुलगा दगडासारखा बसून होता, डोळ्यातून टिपूस नाही. नाना टेकले आणि म्हणाले, "एकदा भर उन्हात मी इथून निघालो, तर आईंनी माझ्या गाडीची किल्लीच कनवटीला लावून ठेवली. म्हणाल्या, ऊन उतरलं की देईन. तोवर गुपचूप ताक पी." मुलगा आधी हसला आणि मग असा रडला, की आतून बायका धावत बाहेर आल्या. त्या मुलाने नंतर दुसऱ्या कुठल्या कंपनीचं पाकीट घरात आणलं नाही.

इथेच तर गोम होती. दारावर नाना बियाण्याचा ब्र काढत नसत. तिथला चहासुद्धा घेत नसत. पण पेरण्यांचे दिवस जवळ आले, की त्याच घरापुढे त्यांची गाडी उभी राहायची, आणि ज्याच्या बापाच्या मरणात माणूस येऊन बसला त्याला नाही कोण म्हणणार? नाना हे माणुसकीने करत होते की धंद्याने? नानांनी स्वतःला हे कधी विचारलं नाही. विचारायची वेळच आली नाही. पीक चांगलं येत होतं, लोक ओळखत होते, वाटेत गाडी थांबवून जेवू घालत होते. चांगला माणूस आणि चांगला विक्रेता हे दोघं एकाच टोपीखाली सुखाने नांदत होते.

घरात मात्र ही कीर्ती पोचली नव्हती. बायको दीपमाला टोपी धुऊन वाळत घालताना म्हणायची, "मरेल मानससना दारवर जातस, जित्ता मानससकडे कव्हय जाशात?" तिच्या मावसभावाची हळद, पोरीचं शाळेतलं बक्षीस, वास्तुशांती, सगळीकडे ती एकटी जाऊन आलेली. नाना हसून म्हणायचे, "जित्ता मानसं रुसतीस, पन परत बोलतीस." यावर ती टोपी जरा जोरात झटकायची.

जिवंत माणसांपैकी एकाकडे मात्र ते न चुकता जात. तो तोताराम. कंपनीने मागे कधीतरी नानांना रावेरकडे दोन हंगाम धाडलं होतं, तेव्हा ते याच्या घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिले. तोताराम केळीवाला. बाप केळीवाला, आजा केळीवाला, कपाशीचं नाव काढलं तर तोंड वाकडं करणारा. नानांनी नवेपणाच्या उत्साहात त्याला बियाण्याचं पाकीट दाखवलं, तेव्हा त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "चुडामणभाऊ, याच्यात केयी उगत असतीन त सांगा." तिथेच दोघांची गट्टी जमली. नंतर नानांचा भाग बदलला, पण जळगावला मीटिंग असली की ते संध्याकाळची गाडी सोडून द्यायचे आणि रावेरची धरायचे. दोघं खळ्यातल्या बाजेवर पडून राहायचे. एका बाजूला केळीचे घड धुऊन खोक्यांत भरण्याचं काम चाललेलं, ट्रकवाल्याशी तोतारामचा थोरला मुलगा हुज्जत घालतोय, आतून त्याची बायको मंजुळाबाई भरताची वांगी भाजल्याचा धूर सोडतायत. नाना तिथे कुणाला काही पटवत नसत. बोलतही कमीच. धुळ्याला परतताना त्यांना नुकतीच अंघोळ करून निघाल्यासारखं हलकं वाटायचं, आणि ते का वाटतं हेही त्यांनी कधी शोधलं नाही.

नाना साठीच्या उंबरठ्यावर आले तसे कंपनीचे दिवस बदलले. शेतकऱ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप झाले. कृषी केंद्रवाला म्हणेल ते पाकीट खपू लागलं. रोज कुठे गेलात त्याचा फोटो, ठिकाणासकट, कार्यालयात पाठवायचा असा हुकूम निघाला. नाना फोटो काढायचे आणि त्यात त्यांचा अंगठाच जास्त यायचा. नवीन पोरं हसायची. नानांना त्याचं फारसं वाटत नसे. "मानसं मनी शेत," ते म्हणायचे. माणसं माझी आहेत, फोटो कुणाचेही असोत.

मग योगेंद्र नावाचा नवा एरिया मॅनेजर आला. पोरगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नानांना अहो-जाहो करायचा, गाडीत पुढे बसवायचा. तो म्हणाला, "नाना, एक दिवस मला तुमच्यासोबत फिरायचंय. तुमची पद्धत पाहायचीय." कार्यालयात नानांना लवकर मोकळं करायचं घाटतंय, अशी कुजबुज त्यांच्या कानावर आली होतीच. त्या आठवड्यात धरणगावजवळच्या गावात हिलाल या जुन्या गिऱ्हाइकाचे वडील चिंधाआबा गेले होते. नव्वदीचं पिकलं पान. नाना तसेही जाणारच होते. पण या वेळी त्यांच्या मनात दुसरंही काही आलं. साहेबाला घेऊनच जावं. बघू दे त्याला, चुडामण गावात शिरला की माणसं कशी सरकून जागा देतात ते.

नानांच्या आयुष्यातली चूक कोणती म्हणाल, तर ही. त्यांनी मयताच्या घरी माणूस सोबत नेला, तो सांत्वनासाठी नव्हे, बघण्यासाठी.

ताडपत्रीवर दहा-पंधरा जण बसले होते. नाना टोपी घालून बसले, शेजारी योगेंद्र कंपनीचं नाव छापलेल्या शर्टात मांडी घालायला धडपडत होता. हिलालने मान हलवली. नानांनी घसा साफ केला. "चिंधाआबांनी मला पहिल्यांदा पाहिलं ना, तेव्हा विहिरीवरून हाक मारून..." एवढं ते बोलले, तोच मागून हिलालचा पोरगा किरण बोलला. कृषी पदवीचा पोरगा, तोंडाने फटकळ; नजर योगेंद्रच्या शर्टावर.

"नाना, औंदा कोन्तं बियानं आनेल शे? संगे सायेबबी दिखी ऱ्हायना!"

नव्वदीच्या मरणात दुःखाला तशी फारशी धार नसते. एक जण फिसकन हसला, त्याच्या शेजारचा हसला आणि बघता बघता ताडपत्रीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हशा गेला. "ए, गुपचूप बठ!" हिलाल पोरावर खेकसला. पण खेकसण्याआधी त्याने उपरण्याचं टोक तोंडाला लावलं होतं आणि नानांनी ते पाहिलं. हिलाल हसत होता. योगेंद्रही हसत होता, मोकळेपणाने, सगळ्यांत मिसळल्यासारखा.

विहिरीवरची ती हाक तशीच अर्धी राहिली. नाना आणखी थोडा वेळ बसले. लगेच उठणं बरं दिसलं नसतं. त्यांना पहिल्यांदाच कळलं, की हे लोक सगळं पहिल्यापासून जाणून होते. त्यांना राग नव्हता. हेच जास्त लागलं. राग असता तर नानांना काही बोलता तरी आलं असतं.

परतताना योगेंद्र गाडी चालवत म्हणाला, "नाना, मानलं तुम्हाला. काय टेक्निक आहे!"

नाना काचेतून बाहेर बघत राहिले. टेक्निक नाही, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. मग पेरणीआधी त्या सगळ्या घरांपुढे उभी राहिलेली आपली गाडी त्यांना आठवली आणि त्यांनी टोपी काढून तिची घडी घातली.

गोष्ट इथे संपती तर नानांनी ती पचवलीही असती. पण योगेंद्रला ते खरंच भारी वाटलं होतं. धुळ्यात हायवेवरच्या हॉटेलात कंपनीची बैठक झाली, तेव्हा त्याने पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहून आणलं होतं : शेतकऱ्याच्या सुखदुःखात आपली कंपनी. नानांना पुढे बोलावलं, शाल घातली, पुष्पगुच्छ दिला. "हे आपले चुडामण नाना. यांनी एकही ग्राहक सोडला नाही, कारण यांनी एकही मयत सोडली नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यानंतर फर्मान निघालं : प्रत्येकाने आपल्या भागात सांत्वन भेटी द्यायच्या आणि दारावरचा फोटो ग्रुपवर टाकायचा.

शाल पांघरून नाना खुर्चीत बसले आणि त्यांना भर हॉटेलात थंडी वाजू लागली. आयुष्यात पहिल्यांदा कंपनीने त्यांचा सत्कार केला होता. त्यांना वाटलं, यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या हंगामात खान्देशातल्या मयतांना कधी नव्हे ती गर्दी झाली. यांचं पाहून दुसऱ्या कंपन्यांचीही पोरं येऊ लागली. पाठीवर बॅग, खिशात नवीकोरी टोपी, बसल्याबसल्या मोबाइल जरा तिरका धरून एक फोटो. लोक एकमेकांना कोपर मारून सांगायचे, "कंपनीवाला उनात." कंपनीवाले आले. एका घरी तर म्हातारीने आतून विचारलं म्हणे, आज कोणती कंपनी आहे म्हणून.

नानांनी दारावर जाणं बंद केलं. कुणी गेल्याचा निरोप आला की ते "अरेरे" म्हणायचे आणि फोन उपडा ठेवून द्यायचे. टोपी डिकीतून काढून त्यांनी कपाटात टाकली. दीपमालाने एकदोनदा विचारलं, मग तिनेही नाद सोडला. नवऱ्याला अखेर घराची ओढ लागली, असं तिने मैत्रिणीला सांगितलं, आणि नानांनी ते ऐकून खोडून काढलं नाही. कंपनीने पुढच्या पगारानंतर त्यांना मानाने मोकळं केलं. तेव्हाही एक शाल मिळाली.

पावसाळा सरला आणि एका सकाळी रावेरहून फोन आला. तोतारामचा थोरला मुलगा. "काका, बाबा गेले." काही आजार नाही, तोताराम बागेतून आला, पाणी मागितलं आणि भिंतीला टेकला.

 नाना उठले, कपडे केले, कपाटातून टोपी काढून खिशात घातली आणि बस स्टँड गाठलं. दीपमाला म्हणाली, "मी बी येस." त्यांनी नको म्हटलं. तोतारामचं दुःख त्यांना एकट्यालाच करायचं होतं.

जळगावला गाडी बदलली. रावेरकडच्या वाटेवर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या तसे त्यांना शब्द आठवू लागले. या वेळी शब्द शोधावे लागत नव्हते. केयी उगत असतीन त सांगा, हे सांगायचं. बाजेवर पडून तोताराम ढगांना ट्रकवाल्यांची नावं द्यायचा, ते सांगायचं. मंजुळाबाईंना ते माहीत नसणार. त्यांना हसू येईल, मग रडू येईल, आणि आपल्यालाही येईल.

गावात उतरून ते गल्लीच्या तोंडाशी आले. समोर शंभर पावलांवर तोतारामचं दार. ताडपत्री, माणसं, टोप्या. आणि अगदी कडेला, मांडीवर बॅग घेतलेली दोन तरुण पोरं. ठिबकच्या नळ्या विकणारी असतील, नाहीतर केळीच्या खताची. त्यातल्या एकाने मोबाइल हळूच गुडघ्याआड धरला होता.

नानांचे पाय जागच्या जागी थांबले. कानात तो हशा आला, ताडपत्रीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला. मी आता तिथे जाऊन बसेन आणि टोपी घालून घसा साफ करेन. लोक म्हणतील, आला तो धुळ्याचा, सगळ्यांचा गुरू. तोतारामच्या दारात आपल्यावर कुणी हसलं, तर ते आपल्याच्याने सोसवणार नाही. त्यांनी टोपी खिशातून अर्धी बाहेर काढली होती, ती परत आत सारली. केळीच्या ट्रकआड थोडा वेळ उभे राहिले. ट्रक भरून निघाला तेव्हा त्यांनी पाठ फिरवली आणि फाट्याकडे चालू लागले.

घरी दीपमालाने विचारलं, "गया व्हतात का?" नाना म्हणाले, "हां." इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्याशी थापा मारल्या नव्हत्या असं नाही, पण ही थाप मारून ते न जेवता झोपले. गंधमुक्तीलाही ते गेले नाहीत. एकदा चुकलं की दुसऱ्यांदा जाणं आणखी अवघड होतं. रोज उद्या फोन करू म्हणता म्हणता थंडी आली.

संक्रांतीनंतर मंजुळाबाई धुळ्याला आल्या. भाचीची सोयरीक होती देवपुरात. पत्ता विचारत विचारत दुपारी दारात उभ्या राहिल्या. कपाळ मोकळं, हातात केळीची फणी. नानांना वाटलं, मागच्या दाराने निघून जावं. पण घराला मागचं दार नव्हतं.

दीपमाला पुढे झाली, त्यांना मिठीत घेतलं, दोघी रडल्या. मग ती डोळे पुसत म्हणाली, "ताई, मी येऊ शकले नाही. हे एकटेच आले होते ना तेव्हा. सोबत नेलंच नाही मला."

 मंजुळाबाईंनी नानांकडे पाहिलं. नानांची मान जी खाली गेली, ती वर येईना.

"हो," मंजुळाबाई म्हणाल्या. "आले व्हते."

दीपमाला चहा टाकायला आत गेली. मंजुळाबाईंनी पदर सारखा केला आणि हलक्या आवाजात बोलल्या. त्यात राग नव्हता. थकवा होता.

"भाऊ, लई लोकं आले. ताडपत्री पुरली नही. पोराचे मित्र आले, खतवाले आले, ट्रकवाले आले. सगये वय इचारत आन बसून राहत. मी आतून आयकत व्हती. मनात म्हने, चुडामणभाऊ येतीन, ते बोलतीन. त्याह्यलेच बोलता येते. गंधमुक्तीपरेंत मी दाराकडे कान देऊन बसली."

"वहिनी, मला..." नाना म्हणाले. त्यांना त्या दोन पोरांबद्दल सांगायचं होतं, हिलालच्या दारातल्या हशाबद्दल, शालीबद्दल. पण हे सगळं त्यांचंच होतं, त्यात तोताराम कुठेच नव्हता, हे त्यांना सांगायला निघाल्यावर दिसलं. "मला वाटलं, लोक म्हणतील..."

"लोक काय म्हनतीन?" मंजुळाबाईंना खरंच कळेना. "आमच्याकडे त कपाशीचं एक झाडबी नव्हतं, भाऊ. तुमी आमाले काय इकनार व्हते?"

नानांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले. जिथे आपल्याला कुणी काही म्हणूच शकत नव्हतं असं सगळ्या खान्देशात एकच दार होतं, आणि आपण नेमकं तेच टाळलं. इतकी साधी गोष्ट त्यांना ट्रकआड उभं असताना सुचली नव्हती. ती सुचली असती तर शंभर पावलं काय, ते धावत गेले असते.

"जाऊ द्या," मंजुळाबाई म्हणाल्या. "आता बोला. मी तेच आयकाले आली. सोयरीक त पोरांनीबी पाह्यली असती."

त्या ताठ बसल्या, हात मांडीवर ठेवून, एखादी बाई कीर्तनाला बसावी तशा. वाट पाहू लागल्या.

नानांनी घसा साफ केला. पारोळा, एरंडोल, धरणगावच्या किती तरी दारांवर परक्यांच्या आईबापांसाठी जे शब्द आपसूक आले होते, त्यातला एकही आता येईना. बसमध्ये आठवलेलं सगळं डोक्यात होतं. बाज, ढग, केयी. पण तोंड उघडलं की आवाजाच्या जागी नुसतीच हवा यायची. दारावर बोलायचं ते दारावरच बोलायचं असतं. त्याची एक वेळ असते, तेव्हा दुःख ओलं असतं, आणि ती वेळ आपण ट्रकआड उभं राहून घालवली. ते "तोताराम" एवढंच म्हणाले, पुन्हा एकदा "तोताराम" म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडू लागले.

दीपमाला कप घेऊन बाहेर आली तेव्हा तिला वाटलं, मित्राच्या आठवणीने रडतायत. मंजुळाबाईंनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि आणखी थोडा वेळ थांबल्या. मग भाचा गाडी घेऊन आला म्हणून उठल्या. जाताना त्यांनी येते म्हटलं नाही.